ठाण्याहून छोट्या वायनरीत वाइन चाखायला जाताना

आधी फोन करा. नाशिकच्या मोठ्या वायनरीत तिकीट काढून सरळ आत शिरता येतं, छोट्यांकडे तसं नसतं. त्यांची टेस्टिंग रूम म्हणजे बरेचदा टाक्यांशेजारची एक खोली. फोनवर एवढंच विचारा: वाइन बनवणारे स्वतः भेटतील का? भेटणार असतील तर त्यांच्या सोयीचा वार धरा. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणी असते. तेव्हा पाहायला भरपूर, पण बोलायला कुणाला सवड नसते.

ठाण्याहून इगतपुरीची बाजू जवळ पडते. तिथे कावनईला व्हॅलोने ही लहान वायनरी आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. गाडी नेलीत तर एकानं न पिण्याचं घरूनच कबूल करावं. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैद, आणि परतताना कसारा घाट उतरायचा असतो. नाहीतर कसारा लोकल आणि पुढे टॅक्सी.

न्याहारी साधी करा. मी पहिल्यांदा गेलो तो तलावपाळीजवळ तर्रीदार मिसळ हाणून. पहिली शेनिन ब्लाँ, म्हणजे एक पांढरी वाइन, जिभेवर आली ती नुसतं आंबट पाणी! अत्तर-सेंटही नको, शेजारच्याच्या ग्लासातला वाससुद्धा मारला जातो.

ग्लास देठाला धरा. आधी पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, शेवटी लाल. न हलवता एकदा हुंगा, मग ग्लास टेबलावरच गोल फिरवून पुन्हा. सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये ढोबळी मिरची, कापलेलं गवत सापडतं. शिराझ या लाल वाइनमध्ये काळी मिरी. पुस्तकी शब्द शोधत बसू नका. माझी मावशी एका शेनिनला म्हणाली, "पेरूची फोड डब्यात राहून गेली की येतो ना, तो वास." ओतणाऱ्यानं ते वहीत टिपून घेतलं.

घोट तोंडभर घोळवा आणि थुंका. इथे आपली गाडी अडते, चारचौघांत थुंकायचं कसं? पण टेबलावरचं भांडं त्यासाठीच असतं, आणि बनवणारा स्वतःही थुंकतोच. सहाव्या ग्लासानंतर सगळ्याच वाइन झकास लागतात, आणि नेमक्या तेव्हाच बाटल्या घेतल्या जातात.

द्राक्षं स्वतःच्या मळ्यातली की शेतकऱ्याकडून घेतलेली, हे विचारा. त्याहून चांगला प्रश्न म्हणजे, यंदा काय बिघडलं? अवकाळी पाऊस, भुरी (द्राक्षावरची बुरशी), मध्येच थांबलेलं किण्वन (रस आंबून वाइन होणं)... इथून माणूस मोकळा बोलायला लागतो.

ठाण्याच्या दुकानात जी दिसत नाही तीच बाटली घ्या, बिल जपा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती ठेवू नका, तापली की चव गेलीच. जेवायला थांबलात तर पिशवी सोबत आत न्या. घरी पांढरी उघडलीत की बूच लावून फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.