बोअर आटली म्हणून खोल नेण्याआधी

ठाण्यात बोअर आटली की सोसायटीत पहिला ठराव होतो तो आणखी शंभर फूट खाली जाण्याचा. पण आपल्याखाली काळा कातळ आहे. पाणी मुरमात आणि कातळाच्या भेगांत साठतं. भेग लागली नाही, तर खोल जाऊन नुसती भुकटी निघते.

आधी पातळी मोजा. पंप दुरुस्तीला वर काढाल तेव्हा त्याच्यासोबत पाऊण इंची पीव्हीसी पाइप खाली सोडून ठेवा. दोरी त्यातूनच सोडायची, नाहीतर ती केबलमध्ये अडकते. रात्रभर पंप बंद, सकाळी टोकाला बारीक बोल्ट बांधलेली दोरी सोडा, ओली खूण मोजा. महिन्यातून एकदा, वहीत तारखेसह.

मग गच्चीचं पाणी बोअरमध्ये मुरवा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ठाण्याचा पाऊस साधारण २,५०० मिलिमीटर. ५०० चौरस मीटर गच्चीवरून २० टक्के वजा जाता १० लाख लिटर मिळतात. बोअरच्या केसिंगभोवती (वरच्या भागातला आधाराचा पाइप) २ मीटर लांब-रुंद, अडीच मीटर खोल खड्डा घ्या. खड्ड्यातल्या केसिंगच्या खालच्या भागाला चिरा पाडून नायलॉनची जाळी गुंडाळा. तळाला मोठी खडी, वर बारीक खडी, मग जाळी आणि सगळ्यात वर जाड रेती. केसिंगचं तोंड जमिनीपासून फूटभर वर, झाकण घट्ट. गच्चीच्या पाइपला टी टाकून पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह बसवा. तो उघडाच राहिला तर सगळा पावसाळा गटारात जातो, आणि हे हमखास होतं.

पार्किंगचं पाणी इथे आणू नका, त्यात तेल असतं. ड्रेनेजची लाइन जवळ असेल तर खड्डा दुसरीकडे. दर मेमध्ये रेतीचा वरचा तीन इंच थर बदला. गाळ तिथेच बसतो आणि खड्डा तुंबतो.

वाशी-कोपरखैरण्याच्या खाडीलगतच्या भरावावर मात्र हा खड्डा नको. तिथे भूजल वरच असतं, बरंचसं खारट. गच्चीचं पाणी टाकीतच साठवा.

जुलै-ऑगस्टमध्ये भेगा भरून जातात, नवं पाणी आत शिरत नाही. फ्लशला आणि गाड्या धुवायला बोअर तेव्हा मनसोक्त वापरा, जागा होईल तसं पाणी मुरेल. हात आखडायचा तो फेब्रुवारीपासून: तासभर पंप, दोन तास विश्रांती. खाडीजवळ दर पंधरा दिवसांनी बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवा. आकडा चढत गेला तर पंपाचे तास तिथेच निम्मे करा.