व्हिसाचं नवं-जुनं: मुदत कोणती मोजायची आणि ती चुकली तर काय होतं

ज्यांच्या घरात सोसायटीचं पीककर्ज आहे, त्यांना मुदत म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मुदतीत नवं-जुनं केलं, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचललं, तर व्याजाची सवलत मिळते. तारीख गेली की रक्कम तीच, माणूस तोच, पण सवलत जाते आणि थकबाकीत नाव लागतं. परदेशातल्या मुक्कामाचंही जवळजवळ असंच आहे. मुदतीच्या आत अर्ज दिला तर निकालाला महिने लागले तरी बऱ्याच देशांचा कायदा तुम्हाला सांभाळून घेतो. चार दिवस उशिरा दिलेला अर्ज, कागदपत्रं तीच असली तरी, बेकायदा राहणाऱ्याचा अर्ज ठरतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून शिकायला, कामाला किंवा मुलांकडे राहायला जाणाऱ्यांचा घोटाळा मात्र त्याच्याही आधी होतो. मोजायची तारीखच चुकते.

पासपोर्टातला स्टिकर म्हणजे मुक्कामाची मुदत नव्हे

अमेरिकेचा बी-२, म्हणजे फिरायला किंवा नातेवाइकांकडे जाणाऱ्यांचा व्हिसा, दहा वर्षांचा मिळतो. तो फक्त तिथल्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागण्याची मुभा देतो. किती दिवस राहायचं हे उतरताना तिथला अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ मध्ये होते. मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांना बहुतेकदा सहा महिने मिळतात, पण तो हक्क नाही. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईचं परतीचं तिकीट घरचे आधीच सहा महिन्यांनंतरचं काढून ठेवतात. पापड-कुरडयांचे डबे तीनदा मोजले जातात, आय-९४ मात्र कोणी उघडून पाहत नाही.

उतरल्यावर दोन-तीन दिवसांत अमेरिकी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून आय-९४ काढून त्याची पीडीएफ जपून ठेवा. नोंद सापडत नसेल तर बहुधा नावाची अडचण असते. आपल्याकडच्या बऱ्याच पासपोर्टांत गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. नुसतं पहिलं नाव टाकलं की नोंद मिळत नाही, तेव्हा रकान्यात आहे तसंच पूर्ण टाका. तारीखच चुकीची पडली असेल तर विमानतळाशी जोडलेल्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात ती दुरुस्त होते, पण हे लगेच करायचं काम आहे.

दुसरा सापळा पासपोर्टाच्या मुदतीचा. एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर परत येणाऱ्याच्या परवान्यावर तीन वर्षं असतात, पण पासपोर्ट दीड वर्षात संपणार असेल तर आय-९४ त्या तारखेलाच कापला जाऊ शकतो. नंतर पासपोर्ट नवा केला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही. एकदा देशाबाहेर जाऊन पुन्हा यावं लागतं किंवा मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. म्हणून दिवाळीला किंवा आखाजीला गावी येणाऱ्याने आधी पासपोर्टाची शेवटची तारीख बघावी आणि मग तिकीट काढावं.

बी-२ ची मुदत वाढवायची असेल तर आय-५३९ हा अर्ज आय-९४ ची तारीख संपण्याआधी पोहोचला पाहिजे. अमेरिकी इमिग्रेशन खात्याचाच सल्ला किमान ४५ दिवस आधी देण्याचा आहे. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात ऑनलाइन अर्जाला ४२० आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर होते. अर्जात कारण ठोस हवं: डॉक्टरांचं पत्र, उपचाराच्या तारखा, खर्च कोण करणार, परतीची तयारी काय. ‘नातवाला सांभाळायचं आहे’ असं लिहिणं धोक्याचं, कारण ते काम समजलं जाऊ शकतं.

अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल येईपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरले जात नाहीत. पण निकाल नकाराचा आला आणि तोवर आय-९४ ची तारीख उलटून गेलेली असेल तर तो दहा वर्षांचा स्टिकर रद्द समजला जातो. म्हणजे दोन महिने जास्त राहण्यासाठी दहा वर्षांची सोय पणाला लागते. कारण तितकं मोठं नसेल तर वेळेत परत येऊन नंतर पुन्हा जाणं बरं.

अर्ज न करता राहिलं तर? एक दिवस जास्त झाला तरी व्हिसा जातो आणि पुढचा व्हिसा मायदेशातूनच मागावा लागतो. सलग १८० दिवसांहून जास्त पण वर्षापेक्षा कमी बेकायदा राहून बाहेर पडलं तर ३ वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर १० वर्षं. यातला चकवा असा की ही बंदी देश सोडल्यावर लागू होते. आत असताना काहीच घडत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

विद्यार्थ्यांचं गणित निराळं

एफ-१ विद्यार्थ्याच्या आय-९४ वर तारखेऐवजी ‘डी/एस’ लिहिलेलं असतं, म्हणजे विद्यार्थी म्हणून नियम पाळतोय तोवर. (ही पद्धत काढून ठराविक मुदत देण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये मांडला गेला, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हाची स्थिती कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा.) तारीख नाही म्हणजे मोकळीक, असं मात्र नाही. तुमची खरी तारीख आय-२० वरची, म्हणजे कॉलेजने दिलेल्या प्रवेशाच्या फॉर्मवरची, अभ्यासक्रम संपण्याची असते. प्रबंध लांबला, एखादा विषय राहिला, तर ती तारीख यायच्या आत कॉलेजकडून आय-२० वाढवून घ्यायचा. नंतर गेलं तर विद्यार्थी दर्जा परत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्यालाही साधारण ५ महिन्यांची मर्यादा आहे आणि तो मंजूर होईलच असं नाही.

दर्जा जाण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. जड वाटला म्हणून कार्यालयाला न विचारता एक विषय सोडला आणि पूर्णवेळ अभ्यासाची अट मोडली. घर बदललं आणि १० दिवसांत पत्ता कळवला नाही. पेट्रोल पंपावर किंवा मोटेलमध्ये रोखीत काम केलं. यातलं शेवटचं सर्वांत वाईट, कारण ते नंतर दुरुस्त होत नाही.

पदवीनंतर निघायला ६० दिवस मिळतात. काम करायचं असेल तर ओपीटीचा, म्हणजे शिकलेल्या विषयात तात्पुरतं काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, आणि कॉलेजने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो पोहोचावा लागतो. हे ३० दिवस अनेक जण विसरतात. ओपीटीच्या काळात बिननोकरीचे एकूण ९० दिवसच चालतात. ‘बघू, मिळेल’ म्हणत बसलेल्याचे ते कधी संपले हे त्यालाही कळत नाही.

जर्मनी: अर्जाची पावती हाच आधार

हल्ली शिरपूर-जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून जर्मनीकडे ओढा आहे. तिथे मुंबईहून मिळालेला व्हिसा थोड्या महिन्यांचा असतो आणि खरा निवास परवाना तिथे पोहोचल्यावर आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालय, देतं. आधी घराचा पत्ता महापालिकेत दोन आठवड्यांत नोंदवायचा, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळायला महिने जातात. इथेच आपली मुलं घाबरतात किंवा उलट स्वस्थ बसतात.

नियम असा: मुदत संपण्याआधी अर्ज पोहोचला असेल तर जुना परवाना निकाल येईपर्यंत चालू धरला जातो. भेटीची वेळ मिळाली नाही तरी अर्ज ऑनलाइन, ईमेलने किंवा टपालाने द्या आणि पोहोचल्याची पावती जपा. मग कार्यालयाकडून फिक्त्सियोन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मागा, त्याचं शुल्क १३ युरो आहे. त्यावर खुणेचे तीन रकाने असतात. जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ पोटकलम ४ च्या रकान्यात खूण असेल तरच गावी येऊन त्या कागदावर परत जाता येतं. पोटकलम ३ वर खूण असेल तर तुम्ही जर्मनीत राहू शकता, पण बाहेर पडलात की परतीचा दरवाजा बंद. बहिणीच्या लग्नाचं तिकीट काढण्याआधी ही खूण पाहा.

मुदतवाढीला लागतं ते: चालू सत्राचं प्रवेशपत्र, आरोग्य विमा, भाडेकरार, उत्तीर्ण विषयांचा तक्ता आणि पैशांचा पुरावा. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यासाठी महिन्याला ९९२, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो धरले जातात. इकडे घरी कापूस किंवा केळी विकल्यावर पैसे येतात, तिकडे परवान्याची तारीख फेब्रुवारीत असते. ही रक्कम दोन-तीन महिने आधी हलली नाही तर शेवटच्या आठवड्यात घरच्यांची सावकाराकडे धाव होते.

आखाती देश

इथे बहुतेक अडचणी माणूस निघतो तेव्हाच तयार झालेल्या असतात. ‘आधी व्हिजिटवर जा, तिथे कामाचा व्हिसा लावून देतो’ हे वाक्य ऐकलं की थांबा. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. काम दिलं नाही, पगार बुडवला, तरी करार नसल्यामुळे तक्रारीला जोर राहत नाही, आणि तोवर मुदत उलटलेली असते. भरती करणाऱ्याचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का ते तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. दीड-दोन लाख मागणारा ओळखीचा असला तरी त्याला पावती मागून बघा.

संयुक्त अरब अमिरातीत मुदतीनंतर राहिल्यास दिवसाला ५० दिरहम दंड आहे. शंभर दिवसांचे ५,००० दिरहम होतात, कित्येकांचे दोन-तीन पगार. व्हिजिट व्हिसावर पूर्वी १० दिवस सवलतीचे मिळायचे. ती सवलत गेली, पण गावात अजून लोक तीच धरून बसलेत. नोकरी सुटून निवास परवाना रद्द झाला तर निघायला मिळणारे दिवस परवान्याच्या प्रकारानुसार बदलतात. मित्राला किती मिळाले ते सोडा, तुमच्या रद्दीकरणाच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. दुबईचा व्हिसा असेल तर जीडीआरएफए आणि इतर अमिरातींचा असेल तर आयसीपी या तिथल्या व्हिसा खात्यांच्या संकेतस्थळावर स्वतःची मुदत पाहता येते.

सौदीत इकामा, म्हणजे निवास परवान्याचं कार्ड हातात आहे म्हणजे मुदत चालू आहे, असं समजू नका. नूतनीकरण मालक संगणकावर करतो, किंवा करत नाही. अबशेर या सौदी सरकारच्या पोर्टलवर स्वतःचं खातं उघडून दर महिन्याला तारीख पाहा. एखाद्या कागदावर हिजरी तारीख असेल तर हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं हे लक्षात ठेवून हिशेब करा. सांगून ऐकत नसलेल्या मालकाला सोडून परस्पर दुसरीकडे काम धरलं की तो ‘हुरूब’, म्हणजे पळून गेल्याची नोंद टाकतो. मग साधं मायदेशी परतणंही अवघड होतं.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. कॅनडात मुदतीत अर्ज दिला तर जुन्या अटींवर राहता येतं, चुकलं तर ९० दिवसांत दर्जा परत मागता येतो, पण त्या काळात शिकणं आणि काम बंद. जपानमध्ये मुदतवाढीचा अर्ज तीन महिने आधीपासून घेतात. शेंगेन देशांत फिरायला गेलेल्यांनी कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस मोजताना पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरावेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची संगणकीय नोंद सुरू झाली, त्यामुळे शिक्का पुसट होता वगैरे सबबी आता चालणार नाहीत.

मुदत उलटून गेलीच असेल तर

आधी दिवस मोजा, कागदावर. अमेरिकेत १७० दिवस झालेत की १९०, यावर सगळा निर्णय फिरतो, म्हणून घाईने विमानात बसण्याआधी परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला दाखवा. तुम्ही घाबरलात की लगेच ‘मागच्या तारखेचा शिक्का मारून देतो’ म्हणणारा कुणीतरी भेटतो. खोट्या कागदाची किंमत ओव्हरस्टेपेक्षा, म्हणजे मुदतीनंतर राहण्यापेक्षा, फार मोठी असते. विमान रद्द झालं, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, असं खरं कारण असेल तर त्याच दिवशीचा पुरावा गोळा करा, नंतर तो मिळत नाही. पुढच्या व्हिसा अर्जात जास्त राहिल्याबद्दल विचारलं तर खरं लिहा. ओव्हरस्टेची बंदी कधीतरी संपते, पण खोटी माहिती दिल्याचा अमेरिकेतला शेरा जन्मभर आडवा येऊ शकतो.

आखातात पासपोर्ट मालकाकडे अडकला असेल तर भारतीय दूतावास एकदा परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. कामगार त्याला आउटपास म्हणतात. त्याने दंड माफ होत नाही. तो भरावा लागतो किंवा माफीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. फारच हलाखी असेल तर दूतावासाच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून तिकिटाला मदत मिळू शकते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरचे गावात बसूनही तक्रार नोंदवू शकतात. त्यासाठी त्यांच्याजवळ पासपोर्टाचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, करार आणि मालकाचा फोन नंबर यांच्या प्रती हव्यात, आणि मुलगा मुंबईला जायला निघतो त्या दिवशीच त्या घरच्या कपाटात असायला हव्यात.