गळलेल्या कैरीच्या कोयीपासून आंब्याचे रोप

गळून पडलेली प्रत्येक कैरी रोपासाठी उपयोगी पडत नाही. सुरी सहज आरपार जात असेल आणि आतील बी पांढरे, मऊ व पाणचट असेल, तर त्या कैरीचे लोणचेच घालावे. मात्र बाठा कडक झाला असेल आणि त्यातील दले (बीचे दोन जाड भाग) घट्ट भरलेली असतील, तर पूर्ण पिकलेल्या फळाइतकी नसली, तरी उगवण्याची शक्यता असते.

आंब्याचे बी वाळले की उगवणक्षमता गमावते. म्हणून इतर बियांप्रमाणे ते उन्हात सुकवून साठवू नये. गर काढून बाठा धुवावा, कडेने बेताने फोडावा आणि आतील कोय इजा न करता बाहेर काढावी. किडलेली किंवा काळी पडलेली कोय टाकून द्यावी. कोवळ्या कोयीला बुरशी लवकर लागते, त्यामुळे पाण्याचा उत्तम निचरा होणाऱ्या मातीत ती दोन-तीन सेंटिमीटर खोल आडवी ठेवावी. मूळ डोकावत असल्यास ती बाजू खाली करावी. माती ओलसर हवी, चिखल नको. एकाऐवजी पाच-सहा कोयी लावणे शहाणपणाचे.

साधारण दोन ते चार आठवड्यांत तांबूस पालवी दिसते. एकभ्रूणी, म्हणजे बीमध्ये एकच भ्रूण असलेल्या, जातींचे रोप मातृवृक्षासारखीच फळे देईल असे नाही. तीच फळे हवी असल्यास या रोपावर पुढे कलम बांधावे.