काल कुणाकुणाशी बोललात? साथीच्या गणितासाठी संपर्काची वही

मी तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. साथीचं गणित घ्यायचं तर सुरुवात मुंबईपासून होते. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोन संशोधकांनी साथ कशी पसरते याची आपली समीकरणं मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंना लावून पाहिली. आलेख झकास जुळला, पण सगळी मुंबई एकाच पातेल्यात ढवळल्यासारखी धरली होती. (प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता, ते आणखी वेगळंच.) माणसं अशी ढवळली जात नाहीत. नातू शाळेत तीस पोरांत बसतो आणि संध्याकाळी आजीच्या मांडीवर येतो. हे धरायचं तर वही घेऊन दारोदार जावं लागतं.

आधी संपर्क कशाला म्हणायचं ते ठरवा. युरोपातल्या आठ देशांत कोण कुणाला भेटतं याची झालेली पॉलिमॉड नावाची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ७,२९० जणांनी एकेका दिवसाची डायरी भरली होती आणि सरासरी निघाली माणशी १३.४ संपर्क. व्याख्या सोपी: अंगाला स्पर्श, नाहीतर समोरासमोर निदान तीन शब्दांची बोलाचाली. आम्हीही तीच वापरतो. ‘राम राम’ दोनच शब्दांचा, मग धरायचा का, यावर पोरं दरवर्षी वाद घालतात.

पहिल्या वर्षी घोळ मीच घातला. प्रश्न ठेवला, "काल किती जणांना भेटलात?" बायका म्हणायच्या, "मी कुठं जाते? घरातच असते." वहीत शून्य. दुसऱ्या फेरीत दिवस उलगडून विचारला: उठल्यावर पहिलं कोणाशी बोललात? दूध घालायला डेअरीवर कोण गेलं? पाण्याला, दळणाला, बचत गटाच्या बैठकीला? मघाच्याच एका काकूंचे एकवीस संपर्क निघाले. तेव्हा आकडा कधीच विचारू नका, जागा विचारा. नावं लिहू नका. ‘शेजारीण, चाळिशीची, ओट्यावर, अर्धा तास’ एवढं पुरतं. बाजारचा दिवस आणि साधा दिवस वेगळे ठेवा.

मग तक्ता. आडवे-उभे वयोगट, तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत त्या दोन गटांतले सरासरी संपर्क. इथे एक तपासणी चुकवू नका. समजा, गावात २०० पोरं आणि १०० म्हातारी माणसं. पोरं सांगतात, रोज एका म्हाताऱ्याशी बोलतो: एकूण २००. म्हातारे सांगतात, तीन पोरांशी बोलतो: एकूण ३००. दोन्ही बाजूंनी संपर्क एकच, मग आकडा एकच हवा. मधला २५० घ्या. दर पोरामागे १.२५, दर म्हाताऱ्यामागे २.५. (पोरं विसरतात, म्हातारे वाढवून सांगतात, असं आपलं माझं मत.)

पुढचं एक्सेलमध्ये होतं. एका पोराचे प्रत्येक गटाशी रोजचे संपर्क, गुणिले त्या गटातला आजाऱ्यांचा वाटा; सगळ्या गटांची बेरीज, गुणिले एका संपर्कात लागण होण्याची शक्यता, गुणिले अजून लागण न झालेली पोरं. हे आजचे नवे रुग्ण. प्रत्येक गटाचं असंच, रोजची एक ओळ. लागणीची शक्यता वहीतून निघत नाही. ती कमी-जास्त करून आलेख किती हलतो ते बघा.

मोबाइलचा डेटा मिळाला तर गावं-शहरांमधल्या ये-जेला घ्या. बोलणं त्यात दिसत नाही, आणि घरातला एकमेव फोन थोरल्याच्या खिशात असेल तर आजी टॉवरच्या लेखी नाहीच.

वही एकदा भरून भागत नाही. साथीची बातमी आली की माणसं स्वतःहून आवरतात. ब्रिटनमध्ये पॉलिमॉडच्या वेळी माणशी १०.८ संपर्क होते, मार्च २०२० च्या टाळेबंदीत २.८ उरले. जुनाच तक्ता चालवला तर साथ कागदावर भलतीच फुगते. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की आम्ही पुन्हा वही काढतो. त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) रात्रीच जावं लागतं, दिवसा सगळे फडात.