ग्रँड आयलंडवर शिकारी मासे कसे मोजायचे

प्रवाळाच्या खडकावरचे शिकारी मासे मोजायचे म्हटलं की नवीन मुलं आधी माशांची चित्रं पाठ करून येतात. तेवढं करायलाच हवं, पण ते सगळ्यात सोपं काम आहे. गोव्यात वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडच्या आसपास ओळखायचे मासे मोजकेच: कपारीत दबा धरून बसलेला गोबरा, तांबोसा, थव्याने येणारी टोकी आणि कोकर, बिळातून तोंड काढणारी वाम, काटे पसरून तरंगणारा लायनफिश. मोरी (शार्क) दिसली तर नशीब. खरी अडचण अशी की हे मासे मुळात थोडे असतात, आणि थोडी असलेली गोष्ट मोजताना माणूस नकळत आकडा फुगवतो. मी मुलांना शिकवते ते मुख्यतः हे फुगवणं टाळायला.

जागा निवडण्यापासूनच सुरुवात होते. होडीवरचा तांडेल मनापासून मदत करायला बघतो. "बाय, हांगा कित्याक? गोबरो थंय आसा," असं म्हणून तो बरोबर गोबऱ्याच्या बिळावर नांगर टाकेल. त्याचं ज्ञान अस्सल आहे, त्याच्याशी गप्पा जरूर मारा, पण मोजणी तिथे करू नका. मासा आहे हे आधीच ठाऊक असलेल्या जागा धरल्या तर सगळा खडक माशांनी भरलाय असंच उत्तर येणार. नकाशावर खडकाचा भाग आखून घ्या, चिठ्ठ्या काढून सुरुवातीचे बिंदू ठरवा, आणि चिठ्ठीत निघेल तिथेच उतरा. पर्यटकांसाठी ब्रेड टाकला जातो अशा जागा आधीच वगळा. तिथले मासे माणसाला बघून जमा होतात.

आता पट्टा, म्हणजे ज्याच्या आत दिसलेले मासे मोजायचे ती जागा. 50 मीटर लांब, 5 मीटर रुंद, म्हणजे टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर. टेप आधी अंथरून मग मोजायला परत येऊ नका. तोवर मोठे मासे पसार झालेले असतात. मोजणारा पुढे, जोडीदार त्याच्या मागून टेप सोडत येणार, असंच पोहा. जाताना फक्त मोठे आणि चपळ मासे टिपा: टोकी, कोकर, तांबोसा. परतताना टॉर्च घेऊन कपारी आणि प्रवाळाच्या कडेखालची जागा बघा. गोबरा, वाम, लायनफिश तिथेच सापडतात. दोन्ही कामं एकाच फेरीत उरकायला गेलं की कपारीत डोकं असताना डोक्यावरून टोकीचा थवा निघून जातो.

मागून येऊन तुम्हाला ओलांडणारा मासा मोजायचा नाही. कोकरासारखा मासा कुतूहलाने पाणबुड्याभोवती घिरट्या घालतो. एकच मासा तीनदा दिसतो आणि तीन म्हणून नोंदला जातो. समोरच्या तुकड्यावर नजर टाका, त्या क्षणी आत जे आहे तेवढं लिहा आणि पुढे सरका. थवा असेल तर दहा मासे मोजून दहाचा गठ्ठा डोळ्यांत बसवा, मग असे किती गठ्ठे ते बघा.

आपल्याकडचं पाणी लक्षद्वीपसारखं नितळ नसतं. त्यामुळे दर पट्ट्याआधी दृश्यता मोजा: जोडीदाराच्या हातात काळी-पांढरी पाटी द्या, टेप धरून मागे सरका, पाटी दिसेनाशी होईल तो आकडा लिहा. टेपवरून अडीच मीटरवरची कडच दिसत नसेल तर त्या दिवशीची मोजणी रद्द. रुंदी अंदाजाने कमी करून तशीच उरकू नका. तो आकडा कशाशीच ताडून बघता येत नाही.

लांबीचा अंदाज हा खरा रियाझाचा भाग. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी भासते. वजन काढताना लांबीचा साधारण घन होतो, म्हणजे लांबीत 10 टक्के चूक झाली तर वजनात 33 टक्के, आणि भासलेली लांबी तशीच लिहिली तर वजन दुपटीच्या वर जातं. पीव्हीसी पाइपचे 15 ते 80 सेंटिमीटरचे तुकडे कापा, मागच्या बाजूला खरी लांबी लिहा, दोरीला ओवून तळाशी सोडा. मुलाने पोहत जाऊन अंदाज पाटीवर लिहायचा, मग तुकडा उलटवून बघायचा. अंदाज सलग 5 सेंटिमीटरच्या आत येऊ लागला की मगच त्याला खऱ्या मोजणीला घ्या. हंगाम सुरू होताना जुन्या लोकांनीही हे परत करायचं, मी स्वतःही करते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा 10 पट्टे झाले, दोन पट्ट्यांत एकेक गोबरा दिसला, आठ रिकामे गेले. एक पट्टा 250 चौरस मीटर, म्हणून एकूण 2,500 चौरस मीटरमध्ये 2 गोबरे, हेक्टरला 8. आता रिकामे आठ पट्टे 'काही मिळालं नाही' म्हणून टाकून दिले तर 500 चौरस मीटरमध्ये 2, हेक्टरला 40. मासे तेच, खडक तोच, आणि संख्या पाचपट. या फुगलेल्या आकड्यावर उद्या कोणी म्हणेल, गोबरा भरपूर आहे, पकडायला हरकत नाही. म्हणून मी शून्याच्या पानांबाबत हट्टी आहे. पट्टे जेवढे जास्त तेवढं बरं. एकच लांबलचक पट्टा करण्यापेक्षा छोटे-छोटे पुष्कळ करा.

बुजरे मासे बुडबुड्यांच्या आवाजाने लपतात. त्यांच्यासाठी चौकटीवर कॅमेरा बसवून समोर ठेचलेली तारली जाळीच्या पिशवीत टांगतात आणि तासभर ठेवतात. नंतर चित्रीकरणात एका जातीचे एकाच वेळी दिसलेले जास्तीत जास्त मासे मोजतात. हा आकडा हेक्टरी संख्येत बदलता येत नाही आणि गढूळ पाण्यात पद्धत लंगडी पडते, पण पट्ट्याच्या जोडीला उपयोगी आहे.

वेळ दर वेळी तीच ठेवा. पहाटे आणि संध्याकाळी हे मासे शिकारीला निघतात, त्यामुळे सकाळी सातच्या आकड्याची अकराच्या आकड्याशी तुलना करू नका. वर होड्यांची वर्दळ असते, तेव्हा खुणेचा तरंगता गोळा लावल्याशिवाय खाली जायचं नाही.

पीव्हीसीच्या पाटीला आधी बारीक पॉलिश पेपर मारा म्हणजे पेन्सिल उमटते, आणि पेन्सिल सुतळीने बांधा. पाटीवर पट्ट्याचा क्रमांक, वेळ, खोली, भरती की ओहोटी, दृश्यता, मोजणाऱ्याचं नाव असायलाच हवं, आणि मासा नसेल तिथे ठळक 0. चौकट मोकळी ठेवली तर दोन वर्षांनी वही उघडणाऱ्याला मासा नव्हता की बघायचं राहिलं, हे कळणार नाही. पाटी घासून स्वच्छ करण्याआधी होडीवरच तिचा फोटो काढून ठेवा.