गोव्याच्या रानात जाताना या चुका टाळा

किनाऱ्यावर उशिरा उठायचे, भरपेट नाश्ता करून निघायचे, अकराच्या सुमारास मोलेला पोहोचायचे आणि दुपारच्या जेवणाला परत फिरायचे, अशा बेताने गेलेल्या माणसाला रानात काही दिसत नाही आणि मग तो "तिथे बघण्यासारखे काही नाही" असे चार लोकांना सांगत सुटतो. रानात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या बेतातच असते, कारण समुद्रावरून उरलेला अर्धा दिवस रानाला पुरत नाही. गोव्याच्या पूर्व सीमेला लागून सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतून सह्याद्री उतरतो. त्याच्या कुशीत मोलेचे भगवान महावीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान (दोन्ही मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर), नेत्रावळी (२११), म्हादई (२०८) आणि खोतीगाव (८६) ही अभयारण्ये पसरलेली आहेत. बोंडला अवघे आठ चौरस किलोमीटरचे आहे. लहान मुलांना घेऊन जाण्यासाठी ते सोयीचे आहे, मात्र ते गुरुवारी बंद असते, हे आधी लक्षात न घेतल्याने फाटकावरून परतलेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत.

वेळेची चूक सर्वांत महागात पडते. उजाडल्यापासून पहिले दोन-अडीच तास आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावरचा एक तास एवढ्याच वेळात रान खऱ्या अर्थाने हालचाल करते. धनेश फळलेल्या वडा-उंबरावर सकाळीच येतात. त्यांच्या पंखांचा फुंकणीसारखा आवाज ते दिसण्याआधी ऐकू येतो. शेकरू उन्हे वर येईपर्यंत शेंड्यावरून शेंड्यावर उड्या घेताना दिसते आणि दुपारी पानांच्या गर्दीत नाहीसे होते. तेव्हा आदल्या रात्री रानाजवळच्या गावात मुक्काम करावा. ते जमत नसेल तर पहाटे चार-साडेचारला निघण्याची तयारी ठेवावी. मात्र मोलेहून अनमोड घाटाकडे जाणारा महामार्ग भर अभयारण्यातून जातो, त्यामुळे अंधारात त्या रस्त्यावर वाहन हळू चालवावे. रात्रभर त्या डांबरावर साप, बेडूक, उदमांजरे चिरडली जातात आणि सकाळी रस्त्याच्या कडेला त्यांचे जे अवशेष दिसतात ते पाहून मन विषण्ण होते.

दुसरी चूक कपड्यांची आणि पादत्राणांची. रबरी चपला समुद्रावर ठीक आहेत. रानातल्या ओल्या कातळावर मात्र त्या शेवाळावरून अशा सरकतात की, माणूस सावरेपर्यंत कंबर आपटलेली असते. पकड असलेले बंद बूट, पायघोळ विजार, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मातकट किंवा हिरवट रंग एवढे पुरे आहे. भडक रंग आणि उग्र अत्तर घरी ठेवावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत जळवा लागतातच. जळू लागली की लोक घाबरून ती ओढून काढतात किंवा तिच्यावर विडी टेकवतात. ओढल्याने जखम चिघळण्याची भीती असते. त्यापेक्षा नख सपाट धरून आधी तिचे लहान टोक आणि मग दुसरे टोक कातडीवरून हलकेच सरकवावे, म्हणजे ती सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याने त्यानंतरही बराच वेळ रक्त वाहते. ते पाहून गडबडून जाऊ नये, जागा धुऊन स्वच्छ फडका दाबून धरावा.

गवा वाटेत उभा असेल तर

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. त्याच्याविषयी लोकांच्या मनात दोन टोकांच्या समजुती असतात. काहींना तो गोठ्यातल्या म्हशीसारखा गरीब वाटतो, तर काहींना तो दिसताक्षणी पळ काढावासा वाटतो. दोन्ही चुकीच्या आहेत. काही वर्षांपूर्वी तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, देवळाच्या बरेच अलीकडे, आम्ही तिघे सकाळी चाललो होतो. वळणावर प्रथम वास आला, ओल्या गोठ्याचा असतो तसा, आणि पाठोपाठ कोणीतरी नाकाने जोराने हवा सोडावी तसा एक सुस्कारा ऐकू आला. पंचवीस-तीस पावलांवर एक थोराड बैल उभा होता. काळेभोर अंग दवाने चकाकत होते, चारही पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसत होते आणि तो कान न हलवता आमच्याकडे पाहत होता. मी मोबाईल काढण्यासाठी खिशात हात घातला तेव्हा आमच्याबरोबरच्या गावकऱ्याने माझे मनगट धरले आणि हळू आवाजात म्हणाला, "रावात, ताका वचूंक दियात" (थांबा, त्याला जाऊ द्या). आम्ही थांबलो. चार-पाच मिनिटे गेली असतील. मग त्या धुडाने मान वळवली आणि कारवीच्या झुडपांत पाऊल टाकले. हजार किलोच्या घरातले ते जनावर आत गेले तेव्हा एक फांदीसुद्धा मोडल्याचा आवाज आला नाही.

करायचे ते एवढेच: थांबायचे, आवाज करायचा नाही, त्याला निघून जायची वाट मोकळी ठेवायची आणि तो पुढे सरकू लागल्यास तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे होत एखाद्या जाड बुंध्याआड जायचे. फ्लॅश टाकू नये, दगड मारू नये, टाळ्या पिटू नयेत. कळपापेक्षा एकटा हिंडणारा बैल आणि वासराबरोबरची गाय यांच्यापासून अधिक अंतर राखावे. माकडांना खाऊ घालणे ही याच प्रकारातली चूक आहे. आज केळे घेणारे माकड उद्या पर्यटकाच्या हातातली पिशवी ओढते आणि परवा गावातल्या घरांची कौले काढते, आणि त्याचा त्रास परत गेलेल्या पर्यटकाला न होता तिथे राहणाऱ्या माणसांना होतो.

व्हाळ, कोंड आणि रेल्वेमार्ग

गोव्याच्या रानात वन्य प्राण्यांपेक्षा पाण्याने अधिक माणसे मारली आहेत, असे माझे मत आहे. आपल्या डोक्यावर ऊन असते, पण वर घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही वेळातच व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाली येतो. पाणी अचानक तांबूस झाले, त्यावर काटक्या आणि सुकी पाने तरंगत येऊ लागली किंवा वाहण्याचा आवाज जड झाला, तर सामान गोळा करीत बसू नये. त्याच क्षणी, ज्या काठाने परतायचे त्या काठावर चढावे. मधल्या खडकावर चढून फोटो काढणारे लोक अशाच वेळी अडकतात. धबधब्याखालचे कोंड (खोल डोह) वरून शांत दिसले तरी आत कपारी असतात आणि पडणाऱ्या पाण्याचा ओढा पोहणाऱ्यालाही तळाकडे खेचतो. वन खात्याने पावसाळ्यात एखाद्या धबधब्यावर बंदी घातली असेल तर ती पाळावी. आडवाटेने नेऊन आणतो असे सांगणाऱ्याच्या मागे जाऊ नये.

दूधसागराच्या बाबतीत आणखी एक चूक हटकून होते. कुळे गावाहून रेल्वेरुळांवरून चालत धबधब्यापर्यंत जाण्याची एकेकाळी पद्धत होती आणि तिचे वर्णन वाचून लोक आजही निघतात. हा रेल्वेमार्ग पोर्तुगीज राजवटीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडण्यासाठी बांधला गेला. चढ तीव्र आहे, वळणे आंधळी आहेत आणि बोगद्यांत गाडी आली तर अंग चोरायलाही जागा मिळणे कठीण. रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. सुमारे ३१० मीटर उंचीचा तो प्रपात पाहायचा असेल तर पावसाळा सरल्यावर कुळ्याहून जीपने जावे, ही सरळ वाट आहे.

वाट चुकल्यास उताराने व्हाळाच्या काठाकाठाने गेले की गाव लागते, अशी एक समजूत ऐकिवात येते. सपाट मुलखात ती खरी ठरत असेल, पण सह्याद्रीच्या या बाजूला व्हाळ पुढे कड्यावरून उडी घेतो आणि माणूस अशा जागी पोहोचतो की, ना पुढे जाता येते ना मागे चढता येते. आपण नक्की ओळखतो अशा शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरावे आणि तेही जमत नसेल तर मोकळ्या जागी बसून थोड्या थोड्या वेळाने तीनदा शिट्टी वाजवावी. तांबडी सुर्ला आणि नेत्रावळीच्या बऱ्याच भागात मोबाईलला रेंज मिळत नाही. नकाशावर दिसणारी रेघ ही पुष्कळदा गुरांची वाट असते आणि ती करवंदीच्या जाळीत संपते. म्हणून स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा, प्रवेशद्वारावर नाव नोंदवावे आणि कोणत्या वाटेने जाणार व कधी परतणार हे घरच्यांना आधीच कळवावे.

इतिहास पाहताना होणाऱ्या चुका

तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळापुढे दहा मिनिटे उभे राहून परतणाऱ्यांची मला मनापासून हळहळ वाटते. कदंब राजांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराचे हे देऊळ काळ्या बेसाल्टात घडवले आहे. आसपासचा सगळा दगड जांभा. तो सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक नक्षी टिकत नाही आणि म्हणून बेसाल्ट घाटावरून आणला असावा असे मानले जाते. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. मग छतावरचे कमळ हळूहळू उमटू लागते आणि एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली घेतलेला हत्ती दिसतो. तो घाईत हमखास नजरेतून सुटतो. हे पूजेतले देऊळ असल्यामुळे पादत्राणे बाहेर काढावीत आणि मागच्या व्हाळात अन्नाचे डबे धुऊ नयेत.

सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या कातळावर बैल, हरणे, मोर, माणसे आणि एकात एक फिरत जाणारी वर्तुळाकार चक्रव्यूहासारखी आकृती कोरलेली आहे. गावातले लोक ती गुराख्यांनी कोरलेली समजत असत. १९९३ मध्ये अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले. रेषा उथळ आहेत, त्यामुळे भर दुपारी गेलेल्याला नुसता खडक दिसतो. मग काही जण चित्र उठून दिसावे म्हणून रेषांत खडू भरतात किंवा बुटांनी माती खरवडतात. असे कधीही करू नये. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जावे. सावलीच प्रत्येक रेष उचलून दाखवते आणि खडूची गरज उरत नाही.

देवराया हा याहून नाजूक विषय आहे. सत्तरीतल्या बांबर येथील निरंकाराची राय पाणथळीतल्या रानटी जायफळाच्या झाडांसाठी ओळखली जाते. त्या झाडांची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात आणि त्यांच्यावर पाय दिल्यास ती दुखावतात. गावाने पिढ्यान्‌पिढ्या तिथली काडीही उचललेली नाही. मग आपण पान, फूल, बी किंवा दगड उचलण्याचा प्रश्न येत नाही. आत जाण्यापूर्वी गावात विचारावे आणि नको म्हटल्यास वाद घालू नये.

अभयारण्यात वस्ती दिसली की "ही माणसे इथे कशी?" असे विचारणारे पर्यटक मला भेटले आहेत. खोतीगावातले वेळीप असोत की घाटाच्या कुशीतले धनगर गवळी, ही माणसे अभयारण्याची अधिसूचना निघण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे नांदत आहेत. त्यांच्या कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) न विचारता शिरू नये, मार्च-एप्रिलमध्ये बोंडूंनी लगडलेली काजूची झाडे बेवारस समजू नयेत आणि बायकामुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत. याच दिवसांत पालापाचोळा इतका वाळलेला असतो की, विझली समजून टाकलेली विडी डोंगर पेटवू शकते. मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या अभयारण्यांत ठिकठिकाणी वणवे पेटले होते आणि ते विझवण्यासाठी नौदल व वायुदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती.

साप चावल्यास आणि घरी परतल्यावर

व्हाळाच्या काठची झुडपे आधारासाठी धरू नयेत. मलबार चापडा हा विषारी साप हिरव्या, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत आढळतो आणि फांदीवर तासन्‌तास इतका निश्चल बसतो की, हात लागेपर्यंत तो दिसत नाही. दंश झाल्यास जखम कापणे, रक्त चोखणे, वर दोरी आवळून बांधणे हे तिन्ही प्रकार घातक आहेत. अंगठी, घड्याळ, बूट काढावेत, तो अवयव फळीला किंवा काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि १०८ ला फोन करावा. रेंज नसेल तर वाहनाने थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेली असते, चापड्याच्या नव्हे. म्हणून सापाचे वर्णन डॉक्टरांना सांगणे उपयोगी ठरते, पण त्यासाठी सापाला मारून बरोबर नेण्याचा खटाटोप करू नये.

घरी पोहोचल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवावेत आणि अंघोळीच्या वेळी काखा, कंबर, गुडघ्यांच्या मागची बाजू, कानांमागचा भाग नीट तपासून गोचिडी चिकटल्या आहेत का ते पाहावे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेलेला माकडताप सत्तरीतही आढळला आहे आणि तो माणसाला गोचिडीच्या चाव्यातून होतो. कोरड्या महिन्यांत त्याचा धोका अधिक असतो, म्हणून पाल्यावर थेट बसू नये आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वन खात्याला कळवावे. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी कडक ताप भरतो, डोके ठणकते आणि अंग मोडून येते. तसे झाल्यास डॉक्टरांना आपण कोणत्या रानात, कोणत्या दिवशी फिरलो हे न विचारताच सांगावे, कारण रानाचा उल्लेख झाला नाही तर शहरातला डॉक्टर आधी डेंग्यूचीच तपासणी करून घेतो आणि त्यात दोन-तीन दिवस हातचे निघून जातात.