पायथॉनमध्ये लिस्ट वापरताय? मग या चुका टाळा

लिस्ट, म्हणजे बरेच आयटम क्रमाने ठेवणारी यादी, दिसायला एकदम सोपी असते, पण नव्याने पायथॉन शिकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त डोकं तीच खाते. लाल एरर आली तर उलट बरंच म्हणायचं, निदान लाइन नंबर तरी कळतो. खरा ताप होतो तो प्रोग्राम गुपचूप चालून भलतंच उत्तर देतो तेव्हा.

'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज' ही एरर, म्हणजे लिस्टमध्ये नसलेला नंबर (इंडेक्स) मागितला, तर सगळ्यांनाच येते. मोजणी ० पासून असते, त्यामुळे ५ आयटम असले की शेवटचा ४ नंबरवर. शेवटचाच हवा असेल तर सरळ इंडेक्स -१ द्या, विषय संपला.

पुढची जरा चकवणारी आहे. मार्क्स = मार्क्स.सॉर्ट() असं लिहिलं की लिस्ट गायब! कारण सॉर्ट त्याच लिस्टला जागच्या जागी क्रमाने लावतं आणि परत देतं नन (None, म्हणजे 'काहीच नाही'), आणि तुम्ही तेच नन मार्क्समध्ये भरून ठेवता. मग चार ओळी खाली अपेंड (लिस्टच्या शेवटी एक आयटम जोडणं) करताना एरर येते आणि लोक त्या अपेंडकडेच बघत बसतात, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. नुसतं मार्क्स.सॉर्ट() लिहा, किंवा मूळ लिस्ट तशीच ठेवायची असेल तर सॉर्टेड() वापरा. आणि हो, इनपुटमधून स्प्लिट करून (तोडून) घेतलेले आकडे आधी इंट (पूर्णांक) करून घ्या, नाहीतर ते स्ट्रिंग (नुसता मजकूर) असतात आणि सॉर्ट केल्यावर १००, २०, ९ असा क्रम लागतो.

लूप फिरत असताना त्याच लिस्टमधून रिमूव्ह करणं, ही माझ्या मते सगळ्यात डेंजर. समजा मार्क्स आहेत ३५, २०, १८, ४० आणि ३५ च्या खालचे काढायचेत. २० निघाला की १८ सरकून त्याच्या जागेवर येतो, पण लूप तर पुढच्या जागेवर गेलेला असतो, म्हणजे थेट ४० वर. १८ वाचला! गंमत म्हणजे नापास मुलं शेजारी शेजारी नसतील तर उत्तर बरोब्बर येतं, म्हणून टेस्टिंगमध्ये हे सापडतच नाही. पास झालेल्यांची वेगळी नवीन लिस्ट बनवा, हाच सरळ उपाय.

एक आपल्या मराठीतली मजा पण बघा. फळांच्या लिस्टला += करून नुसतं 'आंबा' जोडलं तर आंबा जात नाही, आ, अनुस्वार, ब आणि काना असे ४ वेगळे तुकडे जातात, कारण += स्ट्रिंगचं एकेक कॅरेक्टर सुटं करून टाकतं. एकच आयटम टाकायचाय ना, मग अपेंड.

आणि ब = अ लिहिलं म्हणजे कॉपी झाली असं बिलकुल समजू नका. लिस्ट एकच असते, नावं दोन, त्यामुळे ब मध्ये काही टाकलं की ते अ मध्ये पण दिसतं. अ.कॉपी() करा. फुली-गोळ्याचा बोर्ड [[०]*३]*३ असा बनवला की हेच होतं, एका घरात फुली मारली की अख्ख्या उभ्या कॉलममध्ये उमटते, कारण तिन्ही ओळी म्हणजे एकच लिस्ट. प्रत्येक ओळ लूपमध्ये नव्याने बनवायची. आणि लिस्टच्या आत लिस्ट असेल तर साधी कॉपी पुरत नाही, आतल्या लिस्ट त्याच राहतात, तिथे कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी (आतल्या लिस्टसकट सगळ्याची कॉपी) लागतं. शंका आली तर 'अ इज ब' प्रिंट करून बघा, ट्रू आलं तर कॉपी झालेलीच नाही.